थोडा उशिरा पोचणारा प्रकाश

एकट्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायचे असतील तर हिशेब सरळ असतो. लेझरची तीव्रता वाढवत न्यायची, अणुकेंद्राची इलेक्ट्रॉनांवरची पकड ढिली होत जाते आणि एकेक इलेक्ट्रॉन सुटत जातो. आर्गॉनचा पहिला इलेक्ट्रॉन सुटायला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच लाख अब्ज वॅट एवढी तीव्रता लागते. आठवा सुटायला साधारण त्याच्या शंभरपट. हे गणित एम.एस्सी.ला कागदावर करता येतं, आणि विरळ वायूवर प्रयोग केला तर उत्तरही बऱ्यापैकी जुळतं.

तेच अणू काही हजारांच्या संख्येने एकमेकांना बिलगून बसले की हा हिशेब कोलमडतो. तीव्रता जास्त म्हणजे आयनीभवन जास्त, असं मग राहत नाही. प्रकाश किती दिला याच्याइतकंच तो कधी दिला याला महत्त्व येतं. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत माझी पीएच.डी.ची वर्षं या एका गोष्टीचा माग काढण्यात गेली. तिथे नक्की काय करत होतात, असं कोणी विचारलं तर मी आजही एवढंच सांगते: अणूंच्या पुंजक्याला प्रकाश कधी द्यायचा, ते शोधत होते.

पुंजका, आमच्या रोजच्या बोलण्यात क्लस्टर, तयार करायची रीत ऐकायला सोपी आहे. सिलिंडरमधला आर्गॉन तीस-चाळीस बार दाबाने नोझलच्या एका बारीक छिद्रातून निर्वात चेंबरमध्ये सोडायचा. वायू झपाट्याने पसरतो, पसरताना थंड होतो, आणि इतका थंड होतो की एरवी कोणाशीही संबंध न ठेवणारे आर्गॉनचे अणू एकमेकांना चिकटतात. दहा नॅनोमीटर व्यासाच्या पुंजक्यात असे चौदा हजारांच्या आसपास अणू मावतात. पुंजक्याच्या आत घनता जवळजवळ गोठलेल्या आर्गॉनएवढी, आणि दोन पुंजक्यांमध्ये भरपूर मोकळी जागा. या पदार्थाचं मोल तिथेच आहे. धातूच्या पत्र्यावर लेझर मारला तर उष्णता आजूबाजूला आणि खोलवर पसरून जाते. पुंजक्याला खोली नाही की शेजार नाही. शोषलेली ऊर्जा त्याच्याजवळच अडकून राहते.

किती मोठा पुंजका झाला हे मात्र थेट मोजता येत नाही. हागेना यांनी बसवलेलं एक सूत्र सगळे वापरतात. त्यात वायूचा दाब येतो, तापमान येतं, छिद्राचा व्यास येतो, नोझलच्या शंकूचा कोन येतो आणि प्रत्येक वायूचा एक ठरलेला आकडा येतो: झेनॉनचा ५५००, आर्गॉनचा १६५०, हेलियमचा अवघा ४. या चारकडे बघितलं की हेलियमचे पुंजके करायला नोझल निरपेक्ष शून्याच्या जवळ का न्यावं लागतं ते कळतं. सूत्रात कोनाची टॅन्जंट असल्यामुळे शंकू जरा बिघडला की सगळा अंदाज बिघडतो. आमच्या वर्कशॉपमधल्या काकांनी लेथवर पहिला नोझल काढला तेव्हा मला बोलावून विचारलं होतं, "ताई, कोनात अर्धा अंश इकडेतिकडे झाला तर चालेल का?" मी नाही म्हटलं. त्यांनी तो तुकडा बाजूला ठेवला आणि नवीन रॉड चकमध्ये बसवला. माझ्या प्रबंधातल्या प्रत्येक आलेखाच्या मुळाशी तो दुसरा नोझल आहे. प्रायोगिक विज्ञानात लेथवर उभं राहणाऱ्या माणसाचं नाव शोधनिबंधात क्वचित येतं, ते यायला हवं असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

नोझलमागचा व्हॉल्व्ह सेकंदाला दहा वेळा उघडायचा आणि त्याच तालावर लेझरची पल्स यायची. वायूचा झोत काही शे मायक्रोसेकंद टिकतो, तर पल्स चाळीस फेम्टोसेकंदांची. म्हणजे झोताच्या नेमक्या मध्यावर पल्स पोचावी म्हणून आधी व्हॉल्व्हची वेळ लावायची. मग निर्वात तपासायचा, कारण आयन टिपणारा डिटेक्टर चांगल्या निर्वाताशिवाय चालवला तर ठिणगी पडून कायमचा जातो. पावसाळ्यात खोलीतली दमट हवा काबूत ठेवायला डीह्युमिडिफायर अखंड चालू. एवढं झालं की डोळ्यांवर चष्मा, काळे पडदे ओढून घ्यायचे आणि कामाला लागायचं. आम्ही बहुतेक मोजणी रात्री करत असू. रात्री खोलीचं तापमान स्थिर राहतं, आणि लिफ्टची नि माणसांची वर्दळ थांबली की लेझरचा किरणही जागचा हलत नाही.

इतक्या छोट्या पल्सा मुळात शक्तिशाली करता येतात त्या १९८५ साली डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी रॉचेस्टरमध्ये दाखवलेल्या रीतीमुळे. पल्स आधी वेळेत लांबवायची, लांबवलेल्या अवस्थेत तिची ऊर्जा वाढवायची, आणि शेवटी ग्रेटिंगच्या जोडीवरून नेऊन पुन्हा आवळायची. २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. मला या रीतीतला शेवटचा टप्पा फार जवळचा वाटतो. आवळण्याचं काम करणाऱ्या दोन ग्रेटिंगमधलं अंतर किंचित बदललं की पल्स पूर्ण आवळली जात नाही, लांबट राहते. ऊर्जा तेवढीच, फक्त ती जास्त वेळात वाटली जाते. पुंजक्यांवर ताबा मिळवायची पहिली किल्ली आम्हाला तिथे मिळाली.

पण त्याआधी पुंजक्यात काय घडतं ते सांगायला हवं. पल्सच्या चढत्या भागातच बाहेरचे एकदोन इलेक्ट्रॉन प्रत्येक अणूतून सुटतात. अणूतून सुटले तरी ते पुंजक्यातून सुटत नाहीत. मागे राहिलेला धन विद्युतभार त्यांना ओढून धरतो. आता आत आयन आणि मोकळे इलेक्ट्रॉन यांची दाटी झालेली असते, काही नॅनोमीटरचा प्लाझ्माच तो. लेझरचं विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनांना हलवतं, ते आयनांवर आपटतात, तापतात, आणि आपटताना आणखी इलेक्ट्रॉन उपटून काढतात. सुट्या अणूला ज्या तीव्रतेत जे कधीच जमलं नसतं ते पुंजक्यातल्या अणूला जमतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये टॉड डिटमायर आणि सहकाऱ्यांनी झेनॉनच्या पुंजक्यांतून तब्बल दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे आयन उडताना पाहिले आणि १९९७ मध्ये ते 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं. लेझरच्या एका फोटॉनची ऊर्जा जेमतेम दीड इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, हे ध्यानात ठेवून तो आकडा वाचावा.

एवढी ऊर्जा आत शिरते कशी? पुंजक्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या ढगाला स्वतःची एक कंपनसंख्या असते आणि ती घनतेवर ठरते. सुरुवातीला घनता इतकी जास्त असते की ती कंपनसंख्या लेझरच्या कंपनसंख्येच्या खूप वर जाते, आणि लेझरचं क्षेत्र पुंजक्याच्या आत नीट शिरतच नाही. मग पुंजका फुगायला लागतो. घनता उतरते, कंपनसंख्या खाली येते, आणि एका क्षणी दोन्ही जुळतात. नागपंचमीला झाडाला बांधलेला झोका डोळ्यांपुढे आणा. समजा त्याचा दोर आपोआप लांबत चालला आहे, आणि ढकलणारा हात मात्र एकाच लयीत चालतो. आधी लय चुकत राहील. दोर हव्या त्या लांबीचा झाला की तेवढ्यापुरता प्रत्येक धक्का झोक्याला लागू पडेल, आणि पुढे पुन्हा चुकायला लागेल. ८०० नॅनोमीटरच्या लेझरसाठी हा जुळण्याचा क्षण येतो तेव्हा घनसेंटिमीटरमध्ये साधारण पाच हजार अब्ज अब्ज इलेक्ट्रॉन असतात. आर्गॉनच्या प्रत्येक अणूचे आठ इलेक्ट्रॉन सुटले असं धरलं, तर तिथवर यायला पुंजक्याची त्रिज्या साडेतीन पटींच्या आसपास वाढावी लागते. त्याला वेळ लागतो. लहान पुंजक्याला शंभरेक फेम्टोसेकंद, मोठ्याला कित्येक शे.

आता अडचण उघड आहे. चाळीस फेम्टोसेकंदांची पल्स, कितीही तीव्र असली, तरी त्या क्षणाच्या आधीच संपून जाते.

"ऊर्जेला हात लावू नकोस," माझ्या मार्गदर्शक सरांनी सांगितलं, "फक्त पल्स लांबव." ग्रेटिंगचं अंतर थोडं थोडं बदलत गेले. तीव्रता घटत होती, आणि तरी डिटेक्टरवर वेगवान, जास्त विद्युतभाराचे आयन वाढत होते. एका लांबीपर्यंत वाढले, पुढे कमी झाले. या परिणामाचं वर्णन मी आधी वाचलं होतं. रॉस्टॉक विद्यापीठाच्या गटाने १९९९ मध्ये प्लॅटिनमच्या पुंजक्यांवर तो दाखवला होता. वाचलेलं स्वतःच्या आयनांमध्ये दिसलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तरी सर समाधानी नव्हते. लांबवलेल्या पल्समध्ये रंग वेगवेगळ्या वेळी येतात, आधी लाल मग निळा किंवा उलट, आणि त्या क्रमाचाही परिणाम असू शकतो. शिवाय मुख्य पल्सच्या काही नॅनोसेकंद आधी लेझरमधून थोडा प्रकाश गळत असेल तर पुंजका आधीच विस्कटलेला असतो, आणि आपण भलत्याच वस्तूवर मोजमाप करत बसतो. दोन्ही शंका फेडायला बरेच दिवस गेले. ते दिवस गेले नसते तर पुढच्या आकड्यांवर माझाच विश्वास बसला नसता.

मग दोन पल्सांचा प्रयोग लावला. एकाच पल्सचे दोन भाग करायचे, एकाला थोडा लांबचा रस्ता द्यायचा. पहिला भाग पुंजका पेटवतो, दुसरा फुगलेल्या पुंजक्याला गाठतो. रस्ता लांबवणारा आरसा एक मायक्रॉन मागे घेतला की प्रकाशाला जाऊन येऊन दोन मायक्रॉन जास्त चालावं लागतं आणि पावणेसात फेम्टोसेकंदांच्या आसपास उशीर होतो. हे यंत्र चालवताना मला नेहमी एक थरार वाटायचा: मायक्रोमीटरचा स्क्रू फिरवून मी काळाचा इतका बारीक तुकडा सरकवू शकत होते. उशीर शून्य असताना वेगवान आयन बेताचे. उशीर वाढवला की ते चढत जायचे, एका ठिकाणी शिखर यायचं, आणि पलीकडे उतार. पण माझी खात्री पटली ती त्या शिखराच्या उंचीने नव्हे. वायूचा दाब वाढवला, म्हणजे पुंजके मोठे केले, की शिखर जास्त उशिराकडे सरकायचं. मोठा पुंजका फुगायला जास्त वेळ घेणार, हे गृहीतक खरं असेल तर शिखर असंच सरकायला हवं. ते सरकलं.

ॲमस्टरडॅममध्ये मार्क व्राकिंग यांच्या गटाने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला होता. पल्सचा आकार कसा असावा हे त्यांनी ठरवलंच नाही. संगणकाला आकार बदलत राहू दिलं, डिटेक्टरवर जास्त भाराचे आयन वाढले तर तो बदल ठेवायचा, नाहीतर टाकायचा. झेनॉनच्या पुंजक्यांसाठी संगणक शेवटी दोन पल्सांच्या जोडीवर येऊन थांबला. २००४ चा हा निबंध मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला देते. तरीही माझं मत असं की नवख्याने आधी हाताने उशीर बदलून आलेख काढावा. संगणक उत्तर देतो. शिखराच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या उतारावर काय चाललंय ते मात्र तिथे उभं राहून बघावं लागतं, आणि भौतिकी त्या उतारांवर असते.

ताबा मिळवायचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो मला सगळ्यांत सुंदर वाटतो. प्रकाशाला काहीच करायचं नाही, पुंजक्यालाच बदलायचं. हेलियमच्या अणूला त्याचा इलेक्ट्रॉन सोडायला २४.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, सगळ्या मूलद्रव्यांत सर्वाधिक. त्यामुळे हेलियमचा थेंब मध्यम तीव्रतेच्या लेझरला पारदर्शक राहतो. त्यात दहापेक्षाही कमी झेनॉनचे अणू सोडले तर चित्र पालटतं. झेनॉनचा इलेक्ट्रॉन १२.१ इलेक्ट्रॉनव्होल्टला सुटतो. तो आधी सुटतो, मागे उरलेल्या झेनॉन आयनाच्या भाराने शेजारचे हेलियम अणू हादरतात, आणि पाहता पाहता सगळा थेंब आयनांचा होतो. जर्मनीतल्या गटांनी आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मिळून २०११ मध्ये हे दाखवलं, तेही दहा फेम्टोसेकंदांच्या आसपासच्या पल्सांनी. इतक्या कमी वेळात पुंजका फुगायला वावच नसतो. तरी ऊर्जा शोषली गेली, कारण झेनॉनभोवती तयार होणारा प्लाझ्मा गोल न राहता लांबट होतो आणि त्या लांबट आकाराची कंपनसंख्या लेझरशी लवकर जुळते. ड्रेस्डेनच्या सालमान आणि रोस्ट यांच्या गटाने हे आधी गणिताने सांगितलं होतं. टाटा संस्थेतच त्याआधी आर्गॉनच्या पुंजक्यांत पाण्याचे रेणू मिसळून क्ष-किरण कित्येक पटींनी वाढवल्याचं कामही झालं होतं. कुलाब्याच्या किनाऱ्यावर हे घडलं याचा मला अभिमान आहे, आणि तो लपवायचं कारण नाही.

त्याच संस्थेचं २०१३ मधलं एक काम आमच्या सगळ्या मोजमापांवर एक गंभीर प्रश्न टाकून गेलं. पुंजक्यांच्या स्फोटातून बाहेर पडणारे आयन वाटेत इलेक्ट्रॉन परत मिळवतात आणि दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरातले उदासीन अणू होऊन पुढे जातात, असं एम. कृष्णमूर्ती आणि सहकाऱ्यांनी 'नेचर फिजिक्स'मध्ये मांडलं. भोवतालच्या, प्रकाशाने उत्तेजित झालेल्या पुंजक्यांकडून ते इलेक्ट्रॉन येतात. म्हणजे डिटेक्टरवर दिसणारा विद्युतभार हा स्फोटाच्या क्षणी असलेला विद्युतभार असतोच असं नाही. तेव्हापासून मी प्रत्येक वर्णपटाकडे बघताना विचारते, की हे पुंजक्याने केलं की पुंजका ते डिटेक्टर या वाटेने?

उपयोगाबद्दलही मोकळेपणाने लिहिते. १९९९ मध्ये अमेरिकेत लिव्हरमोरला ड्यूटेरियमचे पुंजके फोडून त्यांच्या केंद्रकांचं मीलन घडवण्यात आलं आणि न्यूट्रॉन निघाले. ते काम अप्रतिम आहे, पण त्यातून वीज मिळेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लेझरमध्ये घातलेल्या ऊर्जेचा अगदी नगण्य भागच मीलनातून परत येतो. न्यूट्रॉनांचा किंवा क्ष-किरणांचा अतिशय छोटा, क्षणिक स्रोत म्हणून मात्र पुंजके खरोखर कामाचे आहेत. तेवढं पुरे आहे.

आणि 'नियंत्रण' हा शब्द वापरतानाही मर्यादा सांगायला हवी. लेझरच्या नाभीपाशी एका वेळी असंख्य पुंजके असतात, लहानमोठे सगळे. नाभीच्या मध्यावर तीव्रता जास्त, कडेला कमी, आणि कडेचा भाग आकाराने मोठा. आम्ही मोजलेला प्रत्येक आकडा या सगळ्यांची सरासरी आहे. स्टॅनफर्डजवळच्या क्ष-किरण लेझरवर २०१६ च्या सुमारास झेनॉनच्या एकेका पुंजक्याची, लेझरने तापवल्यानंतरची, प्रतिमा घेण्यात आली, तेव्हा तो फुग्यासारखा एकसारखा फुगत नसल्याचं दिसलं. आधी त्याचा बाहेरचा थर सैल होतो, गाभा बराच वेळ घट्ट राहतो. एकसारखा फुगणारा पुंजका हे आमच्या गणिताचं गृहीतक होतं. त्याने शिखराची जागा बऱ्यापैकी सांगितली. शिखराची रुंदी मात्र त्याला कधीच नीट सांगता आली नव्हती. त्या प्रतिमा पाहिल्यावर मला कारण मिळालं.

म्हणून या विषयातली एखादी बातमी किंवा निबंध वाचाल, आणि त्यात लेझरच्या तीव्रतेचा मोठा आकडा दिसेल, तेव्हा तेवढ्यावर थांबू नका. आणखी दोन गोष्टी विचारा: पल्स किती फेम्टोसेकंदांची होती, आणि पुंजक्यात किती अणू होते. या दोन्हींची उत्तरं दिलेली नसतील तर तो निकाल अर्धवट समजा.